माध्यमांतर आणि पात्राची ओळख : अमेरिकन गुन्हेपटांतील प्रतिनिधित्वाचा प्रश्न (१९४७ ते १९५९)

१

साहित्यकृतीचे चित्रपटात रूपांतर होते तेव्हा मूळ कृतीतील काय टिकते आणि काय गळते, हा माध्यमांतराच्या अभ्यासातील नेहमीचा प्रश्न आहे. या प्रश्नाची चर्चा बहुधा कथानक, निवेदन, काळाची योजना आणि भाषा या घटकांच्या अनुषंगाने केली जाते. एक घटक मात्र तुलनेने दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे पात्राची सामाजिक ओळख. पात्राचे नाव, व्यवसाय, वय बदलले तर ती तपशिलातील तडजोड मानली जाते. परंतु पात्राचा वंश, धर्म किंवा लैंगिकता बदलली आणि कथानक मात्र होते तसेच ठेवले, तर तो बदल केवळ तपशिलाचा राहतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार १९४७ ते १९५९ या काळातील काही अमेरिकन गुन्हेपटांच्या आधारे करावयाचा आहे.

येथे ‘प्रतिनिधित्व’ या संज्ञेच्या दोन अर्थांत भेद करणे आवश्यक आहे. एका अर्थाने प्रतिनिधित्व म्हणजे चित्रण. एखादा समाजगट पडद्यावर दिसतो की नाही आणि कसा दिसतो, हा त्यातील मुद्दा. दुसऱ्या अर्थाने प्रतिनिधित्व म्हणजे मुखत्यारी. त्या गटाच्या वतीने कोण बोलते आणि तसे बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा त्यातील मुद्दा. जुन्या अमेरिकन चित्रपटांविषयीची बरीचशी चर्चा पहिल्या अर्थापाशी थांबते आणि मग ती गणतीचे रूप घेते. किती पात्रे कृष्णवर्णीय, किती मेक्सिकन, त्यांतील किती नोकर आणि किती गुन्हेगार, असा हिशेब उपयुक्त असला तरी अपुरा असतो. ओळखीच्या अदलाबदलीची उदाहरणे तपासली असता दुसरा अर्थ अधिक स्पष्टपणे पुढे येतो.

२

या अदलाबदलीमागील संस्थात्मक पार्श्वभूमी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकन चित्रपट उद्योगाने १९३० मध्ये स्वतःसाठी एक निर्मितीसंहिता स्वीकारली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयामार्फत तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. पटकथा चित्रीकरणापूर्वीच या कार्यालयाकडे जाई. त्याचे मान्यतापत्र नसलेला चित्रपट मोठ्या कंपन्यांच्या चित्रपटगृहांत लागत नसे. गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय यांच्यातील लैंगिक संबंधांचे चित्रण संहितेने निषिद्ध मानले होते. समलैंगिकतेचा अंतर्भाव ‘लैंगिक विकृती’ या सदरात करून तिचा उल्लेखही वर्ज्य ठरवला होता. याशिवाय दक्षिणेकडील राज्यांतील बाजारपेठेची धास्ती होतीच. मेम्फिससारख्या शहरातील स्थानिक अभ्यवेक्षण मंडळ कृष्णवर्णीय कलावंतांचे प्रसंग कापून टाकी. परिणामी अनेक चित्रपटांत अशा कलावंतांचे प्रसंग मुळातच सुटे ठेवले जात. ते वगळले तरी कथानकाला बाध येऊ नये, अशी त्यांची रचना असे.

याच काळातील गुन्हेपटांच्या एका प्रवाहाला फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळा चित्रपट’, असे नाव दिले. येथील ‘काळा’ हे विशेषण प्रकाशयोजनेला, मनोवृत्तीला आणि नैतिक संदिग्धतेला उद्देशून होते. ज्यांचा वर्ण खरोखर काळा होता ती माणसे या चित्रपटांत पियानोवादक, हमाल, मोलकरीण किंवा गाड्या धुणारा म्हणून कडेला उभी राहत.

कडेच्या या जागेचे स्वरूप समजण्यासाठी जाक तूर्नर यांच्या ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) या चित्रपटातील एक छोटा प्रसंग पाहता येईल. पळून गेलेल्या कॅथीचा माग काढण्यासाठी गुप्तहेर जेफ तिच्या मोलकरणीला, युनिसला, भेटावयास न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांच्या एका नृत्यगृहात जातो. थेरेसा हॅरिस या अभिनेत्रीने साकारलेली युनिस तेथे मोलकरणीच्या वेषात नाही. ती उत्तम पोशाखात आपल्या सोबत्याबरोबर बसली आहे आणि परका असेल तर तो जेफच आहे. मालकीण फ्लोरिडाला गेली, एवढेच ती सांगते. परंतु बोलण्याच्या ओघात लस टोचून घेतल्याचा उल्लेख होतो. फ्लोरिडाला जाण्यासाठी लस लागत नाही, हे जाणून जेफ मेक्सिकोची वाट धरतो. संपूर्ण कथानक या एका माहितीवर पुढे सरकते. युनिस मात्र नंतर पुन्हा दिसत नाही. काय सांगायचे आणि काय लपवायचे हे ठरवणारी एक स्वतंत्र व्यक्ती क्षणभर दिसते आणि कथानकाचे काम होताच नाहीशी होते. कडेच्या पात्राजवळ ज्ञान आहे, कथा मात्र नाही, अशी ही स्थिती आहे.

जेथे अशा पात्राजवळ मूळ साहित्यकृतीत कथाही होती, तेथे चित्रपटाने काय केले, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

३

रिचर्ड ब्रुक्स यांची ‘द ब्रिक फॉक्सहोल’ ही कादंबरी १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. युद्ध संपत आले असता बराकीत अडकून पडलेल्या सैनिकांच्या मनात साचलेला द्वेष हा तिचा विषय आहे. तीत एका समलिंगी पुरुषाचा खून होतो. आर. के. ओ. कंपनीसाठी निर्माते ॲड्रियन स्कॉट, पटकथाकार जॉन पॅक्स्टन आणि दिग्दर्शक एडवर्ड द्मित्रिक यांनी तिच्यावरून ‘क्रॉसफायर’ (१९४७) हा चित्रपट केला तेव्हा मृत व्यक्ती ज्यू झाली. समलैंगिकतेचा उल्लेख संहितेनुसार अशक्य होता, हे या बदलाचे उघड कारण. युरोपातील ज्यूंचा संहार नुकताच जगासमोर आला होता. त्या पार्श्वभूमीवर ज्यूद्वेषाविषयी सरळ बोलणे हे त्या काळच्या हॉलीवूडच्या दृष्टीने धाडसाचे होते, हेही मान्य केले पाहिजे. चित्रपटाला ऑस्करची पाच नामांकने मिळाली. त्याच वर्षी स्कॉट आणि द्मित्रिक यांना प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांच्या चौकशी समितीपुढे बोलावण्यात आले आणि पुढे ‘हॉलीवूड टेन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या दहा जणांत त्यांची गणना झाली. तेव्हा या निर्मात्यांवर भीरुतेचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल.

तथापि या बदलामागील गृहीतक तपासणे आवश्यक आहे. चित्रपटातील तपास अधिकारी फिनले एका तरुण सैनिकाला आपल्या आयरिश आजोबांच्या हत्येची कथा सांगतो. द्वेषाचे लक्ष्य आज एक असेल, उद्या दुसरे. द्वेष मात्र एकच, असा तिचा आशय. या मानवतावादी भूमिकेनुसार द्वेष हा सर्वस्वी द्वेष करणाऱ्याच्या मनात असतो आणि बळीच्या जागी कोणालाही उभे करता येते. अदलाबदलीला तात्त्विक आधार मिळतो तो येथे.

परंतु बळीची जागा खरोखर अशी रिकामी असते काय? १९४५ साली अमेरिकेतील प्रत्येक राज्यात समलैंगिक संबंध हा कायद्याने गुन्हा होता. म्हणजे कादंबरीतील मृत व्यक्ती ज्या कायद्याकडे न्याय मागणार, त्याच कायद्याच्या लेखी ती स्वतः गुन्हेगार होती. ज्यू नागरिकाविषयी समाजात कितीही आकस असला तरी कायदा त्याला गुन्हेगार मानत नव्हता. चित्रपटात तर मृत सॅम्युएल्स हा युद्धात लढून जखमी झालेला माजी सैनिक असल्याचे निष्पन्न होते. त्याच्या निरपराधित्वाला राष्ट्रसेवेची जोड मिळते. कायदा अखेरीस बळीच्या बाजूने उभा राहतो, हा गुन्हेपटाचा मूलभूत संकेत आहे. मूळ ओळख कायम राहिली असती तर हा संकेतच अडचणीत आला असता. तेव्हा अदलाबदलीमुळे केवळ एक निषिद्ध शब्द टळला असे नाही. कायद्याच्या निष्पक्षतेविषयीचा एक अवघड प्रश्नही त्याबरोबर टळला.

४

दुसरे उदाहरण ‘द सेट-अप’ या चित्रपटाचे आहे. जोसेफ मंक्युअर मार्च यांनी १९२८ मध्ये याच नावाचे दीर्घ कथाकाव्य प्रसिद्ध केले. त्याचा नायक पॅन्सी जोन्स हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा आहे. काव्याचा कर्ता गौरवर्णीय आहे आणि त्याची दृष्टी तत्कालीन पूर्वग्रहांपासून सर्वथा मुक्त आहे असे म्हणता येत नाही. तरीही जोन्सच्या कौशल्याला मिळू शकले असते ते स्थान केवळ वर्णामुळे नाकारले गेले, हे सत्य काव्याच्या मुळाशी आहे. रॉबर्ट वाइज यांनी १९४९ मध्ये त्यावरून केलेल्या चित्रपटात नायक गौरवर्णीय झाला. रॉबर्ट रायन यांनी साकारलेला स्टोकर थॉम्प्सन ३५ वर्षांचा आहे. आता त्याच्यात दम उरला नाही असे सर्वांनी गृहीत धरले आहे. त्याच्या व्यवस्थापकाने त्याला न सांगताच सामना हरण्याचे पैसे घेतले आहेत.

चित्रपट म्हणून ही कलाकृती श्रेष्ठ आहे. सुमारे ७२ मिनिटांचा कथाकाळ आणि तितकाच चित्रपटाचा काळ, ही तिची रचना अभ्यासनीय आहे. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, नायकासमोरील अडथळा म्हणून जेथे वर्ण होता तेथे चित्रपटाने वय आणले. वय हा सर्वांना समान लागू होणारा निसर्गनियम आहे, त्यासाठी कोणीच दोषी नसते. वर्ण अडथळा ठरतो तो मात्र माणसांनी केलेल्या व्यवस्थेमुळे. सामाजिक अन्यायाच्या जागी अशा रीतीने नियती आली. शेवटातही हा फरक उतरला आहे. काव्याची अखेर नायकाच्या मृत्यूत होते. चित्रपटात गुंड त्याचा हात ठेचतात, पण तो हरण्यास नकार दिल्याच्या नैतिक विजयासह पत्नीजवळ परततो. नैतिक विजय हे समाधान ज्याला उपलब्ध आहे अशाच नायकाला तो शेवट शोभतो.

याच चित्रपटात ल्यूथर हॉकिन्स या तरुण कृष्णवर्णीय योद्ध्याची लहानशी भूमिका जेम्स एडवर्ड्स यांनी केली आहे. मूळ काव्यातील नायकाचा वर्ण जणू नायकाला सोडून शेजारच्या बाकावर येऊन बसला आहे. विशेष म्हणजे त्याच वर्षी, १९४९ मध्ये, याच एडवर्ड्स यांनी ‘होम ऑफ द ब्रेव्ह’ या युद्धपटात प्रमुख भूमिका केली. तो गुन्हेपट नाही, पण अदलाबदलीची दुसरी दिशा दाखवण्यापुरता त्याचा उल्लेख आवश्यक आहे. आर्थर लॉरेंट्स यांच्या १९४५ च्या मूळ नाटकातील सैनिक ज्यू होता. चित्रपटात तो कृष्णवर्णीय झाला. ‘क्रॉसफायर’मध्ये समलिंगी पुरुषाच्या जागी ज्यू आला होता, येथे ज्यूच्या जागी कृष्णवर्णीय आला. हे लक्षात घेता, या चित्रपटांनी विशिष्ट गटांना वगळले एवढेच म्हणणे पुरेसे होत नाही. या गटांचे अनुभव परस्परांच्या जागी वापरता येतात असे त्यांनी मानले, हा अधिक मूलगामी निष्कर्ष हाती येतो.

५

ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) मध्ये ही प्रक्रिया वरवर पाहता उलट झालेली दिसते. व्हिट मास्टरसन या टोपणनावाने दोन लेखकांनी मिळून लिहिलेल्या ‘बॅज ऑफ ईव्हिल’ (१९५६) या कादंबरीतील नायक अमेरिकन सरकारी वकील आहे आणि त्याची पत्नी मेक्सिकन आहे. वेल्स यांनी पतिपत्नींच्या ओळखींची आलटापालट केली. नायक व्हार्गास हा मेक्सिकन अधिकारी झाला, पत्नी सुझन अमेरिकन झाली आणि घटनास्थळ सीमेवरच्या गावात आले. त्यामुळे कथेला नवा अर्थ लाभला. कादंबरीतील नायक आपल्याच व्यवस्थेतील भ्रष्टतेशी झुंजतो, तर व्हार्गासला सीमेपलीकडे काही अधिकारच नाही. तो पाहू शकतो, आक्षेप घेऊ शकतो, आदेश देऊ शकत नाही.

परंतु हा मेक्सिकन नायक चार्ल्टन हेस्टन या गौरवर्णीय नटाने चेहऱ्याला गडद रंग लावून उभा केला. मेक्सिकन नट त्या वेळी उपलब्ध नव्हते असे नाही. अँथनी मान यांच्या ‘बॉर्डर इन्सिडेंट’ (१९४९) मध्ये रिकार्डो मोंटालबान यांनी मेक्सिकन तपास अधिकाऱ्याची प्रमुख भूमिका केलेली होती. ‘टच ऑफ ईव्हिल’मध्येच संशयित तरुण सांचेझची भूमिका व्हिक्टर मिलान या मेक्सिकन वंशाच्या नटाने केली आहे. म्हणजे आरोपीच्या जागी मेक्सिकन नट चालतो, नायकाच्या जागी चालत नाही.

सांचेझच्या चौकशीचा प्रसंग या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. तो व्हार्गासशी स्पॅनिशमध्ये बोलू लागतो आणि पोलीस अधिकारी क्विन्लन इंग्रजीचा आग्रह धरतो. स्वतःच्या निर्दोषत्वाविषयी बोलण्याची भाषादेखील आरोपीच्या हाती राहत नाही. न्हाणीघरातील जो खोका व्हार्गासने थोड्या वेळापूर्वी रिकामा पाहिला होता, त्यातच क्विन्लनच्या माणसाला स्फोटके ‘सापडतात’. येथवर चित्रपट पोलिसी अन्यायाचे अत्यंत निर्भीड चित्रण करतो. मात्र अखेरीस सांचेझने गुन्हा कबूल केल्याची वार्ता येते. ही कबुली प्रेक्षकाला दिसत नाही. ती एका अधिकाऱ्याच्या तोंडून कळते आणि कोणत्या परिस्थितीत दिली गेली ते चित्रपट सांगत नाही. कथनमीमांसेच्या भाषेत बोलावयाचे तर, सांचेझच्या जीवनातील सर्वांत निर्णायक घटना त्याच्या दृष्टिबिंदूतून कधीच सांगितली जात नाही. सांचेझच्या वतीने व्हार्गास बोलतो, व्हार्गासच्या वतीने हेस्टन उभा राहतो आणि मुखत्यारीची साखळी अशी लांबत जाते.

६

‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’ (१९५९) या चित्रपटाचे स्थान या संदर्भात वेगळे आहे. विल्यम मॅकगिव्हर्न यांच्या १९५७ च्या कादंबरीवरून तो तयार झाला. दिग्दर्शक पुन्हा रॉबर्ट वाइज आणि प्रमुख नटांपैकी एक पुन्हा रॉबर्ट रायन, म्हणजे ‘द सेट-अप’चीच जोडी दहा वर्षांनी एकत्र आली. फरक असा की निर्मिती हॅरी बेलाफोंटे या कृष्णवर्णीय कलावंताच्या स्वतःच्या कंपनीची होती आणि जॉनी इन्ग्रॅम या वादकाची भूमिकाही त्यांचीच होती. येथे ओळखीची अदलाबदल झाली नाही. कादंबरीतील कृष्णवर्णीय पात्र चित्रपटातही कृष्णवर्णीय राहिले. बदलला तो कथेचा कल. कादंबरीच्या उत्तरार्धात वर्णद्वेष्टा स्लेटर आणि इन्ग्रॅम यांच्यात हळूहळू काही एक नाते निर्माण होते. चित्रपटाने हा समेट नाकारला.

बँकेवरील दरोड्याची योजनाच मुळी वर्णव्यवस्थेवर आधारलेली आहे. सायंकाळी बँकेतील कर्मचाऱ्यांसाठी कॉफी आणि खाद्यपदार्थ घेऊन एक कृष्णवर्णीय नोकर बाजूच्या दाराशी येतो. त्याच्या जागी इन्ग्रॅम गेला तर दार उघडेल, कारण त्या दारातून पाहणारा चेहरा पाहणार नाही, केवळ वर्ण पाहील. माणसे परस्परांच्या जागी चालतात, हे ज्या दृष्टीचे गृहीतक असते, ती दृष्टी येथे प्रथमच कथानकाचा विषय होते. आतापर्यंत पाहिलेल्या चित्रपटांनी जे निर्मितीच्या पातळीवर केले, तेच या चित्रपटातील गुन्हेगार कथेच्या पातळीवर करू पाहतात. योजना फसते तीही द्वेषामुळेच. पळून जाण्याच्या गाडीची किल्ली इन्ग्रॅमच्या हाती द्यावयास स्लेटर तयार नसतो. ती बर्ककडे राहते आणि बर्क गोळी लागून पडतो. पुढे पाठलाग करीत दोघे तेलाच्या टाक्यांवर चढतात, स्फोट होतो आणि दोन्ही प्रेतांपैकी कोणते कोणाचे हे ओळखता येत नाही. ज्या भेदासाठी ते मेले तो भेद मृत्यूने पुसला, असा साधा बोध येथे काढता येतो. परंतु हा भेद पुसण्यासाठी दोघांनाही मरावे लागले, ही कटुता त्या बोधाहून महत्त्वाची आहे.

लेखकत्वाच्या प्रश्नावरही हा चित्रपट प्रकाश टाकतो. पटकथेचे प्रमुख लेखक अब्राहम पोलोन्स्की राजकीय कारणांवरून काळ्या यादीत होते. म्हणून पडद्यावर नेल्सन गिडिंग यांच्यासमवेत जॉन ऑलिव्हर किलेन्स या कृष्णवर्णीय कादंबरीकाराचे नाव झळकले. पोलोन्स्की यांना पटकथाकारांच्या संघटनेने १९९६ मध्ये अधिकृत श्रेय बहाल केले. एका ज्यू लेखकाने कृष्णवर्णीय लेखकाच्या नावाआड राहून वर्णद्वेषाची कथा लिहिली. ‘या अनुभवाविषयी लिहिण्याचा अधिकार कोणाचा’ या प्रश्नाला यामुळे सरळ उत्तर मिळत नाही. लेखकाची ओळख हा लेखनाच्या प्रामाण्याचा पुरावा मानणाऱ्यांनाही आणि ती पूर्णतः गौण मानणाऱ्यांनाही हे उदाहरण विचारात घ्यावे लागेल.

७

अदलाबदलीला नकार देणाऱ्या लेखकासमोर कोणता मार्ग होता, हे रिचर्ड राइट यांच्या ‘नेटिव्ह सन’ (१९४०) या कादंबरीच्या इतिहासावरून कळते. शिकागोतील बिगर थॉमस या वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाच्या हातून घडलेला खून आणि त्याचे परिणाम हा तिचा विषय. वेल्स यांनी १९४१ मध्ये ती रंगभूमीवर आणली आणि कॅनडा ली यांनी बिगरची भूमिका केली. चित्रपटासाठी मात्र हॉलीवूडमधून असाही प्रस्ताव आला की बिगरला गौरवर्णीय करावे. राइट यांनी तो नाकारला. शेवटी हा चित्रपट फ्रेंच दिग्दर्शक पिएर शनाल यांनी अर्जेंटिनात केला. तो १९५१ मध्ये प्रदर्शित झाला. चाळिशी ओलांडलेल्या राइट यांनी स्वतःच बिगरची भूमिका केली. अभिनयाच्या दृष्टीने ती पुरेशी ठरत नाही आणि वयातील अंतर लपत नाही. अमेरिकेत चित्रपट मोठी काटछाट करून दाखवला गेला. पात्राची ओळख राखण्यासाठी लेखकाला देश सोडावा लागला आणि नटाचे कामही स्वतः करावे लागले, ही वस्तुस्थिती त्या काळातील प्रतिनिधित्वाच्या मर्यादा कोणत्याही आकडेवारीहून अधिक स्पष्ट करते.

मराठी अभ्यासकाला राइट यांचे नाव अपरिचित नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याची ओळख आणि दलित साहित्याची चर्चा १९७० च्या दशकात मराठीत बरोबरीने चालली होती. दलित पँथरचे (१९७२) नावही तिकडूनच आले. त्या चर्चेतील स्वानुभव आणि सहानुभूती यांविषयीचा वाद या चित्रपटांच्या वाचनाला साहाय्यक ठरतो. मात्र दोन समाजांतील विषमता एकरूप मानण्याची घाई करणे म्हणजे ‘क्रॉसफायर’मधील गृहीतकाचीच पुनरावृत्ती होईल. साम्य दाखवताना प्रत्येक अन्यायाची स्वतःची यंत्रणा ध्यानात ठेवणे हेच या विवेचनाचे सूत्र आहे.

संहितेतील आंतरवर्णीय संबंधांवरील बंदी १९५६ मध्ये उठली आणि १९६८ मध्ये संहिताच इतिहासजमा झाली. परंतु लेखात मांडलेला प्रश्न संहितेबरोबर संपत नाही. माध्यमांतरात पात्राची ओळख बदलली असता तीन गोष्टी तपासाव्यात, असे या उदाहरणांवरून सुचवता येईल. जुन्या ओळखीबरोबर कायद्याशी वा समाजव्यवस्थेशी असलेला कोणता संघर्ष कथेतून गेला. त्याच्या जागी कोणते कारण आले. आणि ज्याची ओळख काढून घेतली तो कथेत अन्यत्र कोठे, कोणत्या कामापुरता उरला. पॅन्सी जोन्सचा वर्ण ल्यूथर हॉकिन्सच्या रूपाने कपडे बदलण्याच्या खोलीत उरला होता. त्या खोलीकडे लक्ष गेले, तरच नायकाच्या कथेतून काय वजा झाले ते समजते.